अण्णा मागच्या गेटनं आले

"आणि रेवती, तुझ्या घरून कोण येणार?" नंदिता मॅडमनी विचारलं.

पालकसभा संपत आली होती. चौथीच्या वर्गातल्या त्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही आया गुडघे आवळून बसलो होतो आणि मुलं पुढे सतरंजीवर. पुढच्या शुक्रवारी शाळेत संस्कृती दिवस होता. प्रत्येक मुलाच्या घरातलं कुणीतरी येऊन आपल्याकडचं काही दाखवणार होतं. जिवूच्या वडिलांची बदली कोरियाहून चाकणच्या कारखान्यात झाली होती, तिची आई भाताचे रोल करून दाखवणार होती. कुणाची पंजाबी नानी फुलकारीचं भरतकाम आणणार होती. एकीचे केरळचे आजोबा ढोल घेऊन येणार होते.

मी मनाशी पुरणपोळी ठरवून आले होते. पुरणपोळीला कुणी काही विचारत नाही.

रेवती उभी राहिली. "माझे अण्णा येतील. म्हणजे आईचे बाबा. ते बहुरूपी आहेत."

"म्हणजे काय करतात?"

"पोलीस होतात. खोटे. लोकांना अटक करतात आणि मग हसवतात."

वर्गात हशा पिकला. मी मॅडमच्या तोंडाकडे बघत होते, नंतर बाकीच्या आयांच्या. सवयच होती ती. रेवतीला ह्या शाळेत गरीब घरांसाठीच्या पंचवीस टक्के जागांच्या सोडतीत जागा मिळालेली. तोंडावर कुणी तो विषय काढत नसे, पण कुठल्या वाढदिवसाला बोलावणं येतं आणि कुठल्या नाही, त्यावरून मला कळत असे. वर्गाच्या दारात उभी राहून मी रोज मोजमाप घ्यायची: तिच्या शेजारी कोण बसलं, कोण उठलं.

पण नंदिता मॅडम खूश झाल्या. कलकत्त्याकडच्या होत्या, मराठी मोडकं बोलायच्या, पण मनापासून. "रेवतीची आई, हे तर एकदम खास आहे! आम्हाला असंच पाहिजे. अस्सल. तुम्ही त्यांना नक्की आणा."

घरी आल्यावर भास्करला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो चहा पिता पिता थांबला. "अगं, मग येऊ दे की अण्णांना. घाबरतेस कशाला?"

"घाबरत नाही. पण ती शाळा आहे, पाथर्डीचा बाजार नाही."

"बोलावलंय त्यांनी. आपण थोडेच घुसतोय?"

अण्णांना फोन करून सांगितलं. 

"शाळेच्या आत?" त्यांनी विचारलं.

"हो. स्टेजवर."

"मास्तरनं बोलावलंय?"

"मॅडमनी. रेवतीच्या."

"अरू, सगळ्या मुलखातल्या शाळांच्या कुंपणाला टेकून खेळ केला मी. आत कुणी घेतलं न्हवतं गं."

अण्णा स्वतः शाळेत गेलेले नाहीत. मला मात्र त्यांनी पहिलीपासून आश्रमशाळेत टाकलं. आई गेलेली, आणि पोरगी आपल्यासंगं गावोगाव हिंडायला नको हा त्यांचा एकच हट्ट. सुट्टीत मी घरी यायची तेव्हा ते खाकी कपडे पेटीत ठेवून, तोंड धुऊन माझी वाट बघत बसलेले असायचे. त्यामुळे माझ्या वडिलांचा खेळ मी कधी धड पाहिलेलाच नव्हता. त्यातलं काही त्यांनी मला शिकवलंही नाही. मी बी.ए. झाले त्या दिवशी आख्ख्या वस्तीला त्यांनी भेळ वाटली होती.

बुधवारी ते आले. पत्र्याची पेटी खांद्यावर. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू भेटल्या, तर दार उघडेपर्यंत त्यांच्यावर वॉरंट काढून मोकळे. "बाई, तुमच्या कुकरनं सकाळी सरकारी शिट्टी वाजवली. कुणाला इचारून?" काकू हसून बेजार. लिफ्टमधून बाहेर येताना त्या मला म्हणाल्या, "अरुणा, वडील भारी आहेत हं तुझे!" आणि मला एकदम हलकं वाटलं.

त्या रात्री जेवताना मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शुक्रवारी आपण दोघं रिक्षानं जायचं. मोठ्या गेटवर मॅडमनी तुमचं नाव सांगून ठेवलंय. कपडे तिथं आत खोलीत बदलायचे. मग माइकवरून तुमची ओळख करून देतील आणि तुम्ही स्टेजवर यायचं.

अण्णांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

"आधी सांगणार की हा पोलीस खोटा हाय?"

"हो मग. मुलं घाबरतील नाही तर."

"मग ऱ्हायलं काय? अगं, घाबरायचं आन् मग हसायचं. घाबरलंच न्हाय तर हसंल कशाला माणूस?"

"अण्णा, दिवस तसे नाहीत. मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरतायत सगळीकडे. आमच्या सोसायटीत भंगारवाल्यालासुद्धा आत सोडत नाहीत."

"ठाऊक हाय. औंदा दोन गावांनी मलाबी आधार कार्ड मागितलं." ते हसले. "म्हणलं, पोलिसाला आधार मागता व्हय रं?"

रेवती खदखदून हसली. मी नाही.

"तुम्ही मॅडम म्हणतील तसंच करायचं," मी म्हटलं. "तिला तिथं आणखी सहा वर्षं काढायचीत."

"बरं बाई," अण्णा म्हणाले. "तू म्हणशील तसं."

गुरुवारी संध्याकाळभर आजोबा-नात गॅलरीत बसून होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. अण्णा काहीतरी हळू आवाजात सांगत होते आणि रेवती मान हलवत होती, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मी जवळ गेले की दोघं गप्प.

"काय चाललंय?"

"सरकारी काम हाय," अण्णा म्हणाले. "तुमाला परवानगी न्हाय."

शुक्रवारी भास्कर रेवतीला स्कूटरवरून सोडून कामावर गेला. मी आंघोळ करून आले तर घर रिकामं. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. पेटी उघडी आणि त्यात अण्णांचं धोतर, सदरा, टोपी घडी करून ठेवलेली. खाकी नव्हती.

मी ओले केस तसेच बांधले आणि धावले. रिक्षावाल्याला दोनदा ओरडून सांगितलं, भाऊ जरा जोरात घ्या. मोठ्या गेटवर फुलांची कमान, रांगोळी, सनई लावलेली. तिथला रखवालदार म्हणाला, "नहीं मैडम, कोई नहीं आया." आणि तेवढ्यात मागच्या अंगानं, बस लागतात त्या बाजूनं, आरडाओरडा ऐकू आला.

पुढचं मला नंतर बसमधल्या ताईंनी सांगितलं. मोठ्या गेटवर अण्णांचं नाव सांगून ठेवलेलं होतं, म्हणूनच ते तिकडे गेले नाहीत. ज्या दारात आपली वाट बघतायत त्या दारानं बहुरूपी कसा जाईल? ते मागच्या गेटनं आले. तिथल्या रखवालदारानं खाकी बघून कडक सलाम ठोकला. अण्णांनी उलट सलाम केला आणि आत आले. बालवर्गाची बस नुकतीच रिकामी होत होती. रांगेतल्या पहिल्या मुलीचा त्यांनी हात धरला आणि शिट्टी फुंकली. "चला, तुमच्यावर वॉरंट हाय! काल डब्यातली भाजी टाकून दिली का न्हाय?" मुलगी आधी बघतच राहिली. मग भोकाड पसरलं तिनं. आपल्या मुलाला सोडायला आलेल्या कुणा आईनं खाली बघितलं, तर पोलिसाच्या पायात टायरच्या चपला.

गावात त्या चपला दिसल्या की लोक हसायला लागत. त्या मुद्दाम घातलेल्या असत. इथं त्या चपला दिसल्या आणि "नकली है! बच्ची को ले जा रहा है!" अशी एकच किंकाळी फुटली.

मी पोचले तेव्हा दोन रखवालदारांनी त्यांचे हात मागे पिळून धरले होते. टोपी कुठंतरी पडलेली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलेलं. शर्टाचा खिसा फाटून लोंबत होता. पाच-सहा मोबाइल त्यांच्याकडे रोखलेले. एक उंच गृहस्थ, गळ्यात कंपनीचं कार्ड, ओरडत होता, "पुलिस को बुलाओ, असली वाली!" कुणीतरी हसलंसुद्धा. पिळदार मिशी तेवढी अण्णांच्या तोंडावर जागच्या जागी होती, डिंकानं घट्ट चिकटवलेली.

"खेळ हाय ओ," अण्णा म्हणत होते. "बहुरूपी हाय मी. नात हाय माझी हितं. रेवती. चौथीत हाय. इचारा तिला."

गर्दी घट्ट होती. मी कोपरानं माणसं सारत होते, "जाऊ द्या, मला जाऊ द्या," पण मलाही कुणी मागे ओढत होतं, "मैडम, उधर मत जाइए." आणि तेवढ्यात समोरच्या बाजूनं वाट झाली आणि नंदिता मॅडम रेवतीला घेऊन आल्या. तिला वर्गातून तशीच आणली होती. डोक्यात मी सकाळी माळलेला गजरा, अंगावर परकर-पोलकं.

मॅडमनी अण्णांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या रेवतीजवळ गुडघ्यावर बसल्या.  "रेवती, बेटा, डरना नहीं. हे कोण आहेत? तू ओळखते?"

 रेवतीनं मान वर केली. अण्णांकडे नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. मला तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. पापणीसुद्धा हलली नाही.

"नो मॅम," ती म्हणाली. खणखणीत, शाळेत शिकवतात तशा इंग्रजीत. "आय डोन्ट नो हिम."

अण्णांनी मान खाली घातली. हात सोडवायची जी काही धडपड चालली होती ती थांबली. कुणीतरी त्यांच्या कानशिलात मारली. त्यांनी वर बघितलंही नाही.

"माझे वडील आहेत ते!" मी ओरडले. "सोडा! माझे वडील आहेत!"

हात सुटले. मोबाइल हळूहळू खाली गेले. कंपनीच्या कार्डवाला गृहस्थ "ओह" म्हणाला आणि मागे सरकला. रेवती माझ्याकडे, मग अण्णांकडे बघत होती, काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. पण शाळेच्या समुपदेशक बाई पुढे आल्या, तिच्या खांद्याभोवती हात टाकून तिला झटकन आत घेऊन गेल्या. तिनं हे बघायला नको होतं, असं कुणीतरी म्हणालं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत एसी होता. अण्णा गुबगुबीत खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. खूप वेळा सॉरी म्हणाल्या. रखवालदारांना समज देऊ म्हणाल्या. औषधाची पेटी मागवली. "मुलांच्या सुरक्षिततेपुढे आम्ही कधीकधी हतबल असतो, तुम्ही आई आहात, तुम्हाला कळेल," म्हणाल्या. मला कळत होतं, तेच वाईट होतं. अनोळखी माणसानं रेवतीचा हात धरला असता तर मीही किंचाळले असते.

"काकांना बरं वाटत असेल तर अजूनही स्टेजवर पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "आम्ही आधी व्यवस्थित ओळख करून देऊ. मुलांना फार आवडेल."

"न्हाय बाई," अण्णा म्हणाले. "तोंड धुवायला जागा दावा."

ते बाथरूममध्ये गेले आणि मिशी काढून आले. वरच्या ओठावरची कातडी सोलवटून लाल झाली होती.

समुपदेशक बाईंनी मला बाजूला घेतलं. मुलीला धक्का बसलाय, म्हणाल्या. तिनं आजोबांना नाकारलं, त्याचं ओझं तिच्या मनावर असणार. घरी हा विषय काढू नका. तिनं काढला तर शांतपणे दुसरीकडे वळवा. मी मान हलवली. शिकलेल्या माणसानं सांगितलेलं ऐकायचं, हे मला पहिलीपासून शिकवलेलं.

घरी आल्या आल्या अण्णांनी पेटी भरली.

"आजच्या दिवस राहा. रेवती येईल आता."

"म्हणून तर जातो. पोर यायच्या आत."

स्टँडवर पाथर्डीची गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. ओठ सुजल्यामुळे त्यांना चहा पिता येईना. बशीत ओतून दिला.

"अरू, पोरीला रागवायचं न्हाय. एक शब्द बोलायचा न्हाय."

"ती घाबरली होती अण्णा."

"घाबरली न्हवती. मी बघितलं ना. खेळ कवाच मोडला होता, तिलाबी दिसत होतं. लाजली." ते बशीत बघून बोलत होते. "बरंच हाय ते. तिला त्यांच्यातच बसायचंय, त्यांच्यातच शिकायचंय. माझी लाज वाटली म्हणून शिकणार असंल तर वाटू दे."

"असं नका बोलू."

"तुला कधी वाटली का गं?"

"नाही."

"तुला मी खेळ दिसूच दिला न्हाय," ते म्हणाले. "तेच चांगलं केलं होतं."

संध्याकाळी रेवती आली ती थेट गॅलरीत गेली, मग आतल्या खोलीत. "अण्णा कुठंय?"

"गेले गावाला. काम निघालं."

"मला न भेटता?"

"तू हातपाय धू. काय करून देऊ, शिरा?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी विषय दुसरीकडे वळवला, बाईंनी सांगितलं होतं तसा, शांतपणे.

नंतर ती कधीतरी म्हणायची, अण्णाला फोन लाव. मी लावायचे. अण्णा म्हणायचे, झोपलोय म्हणून सांग. दिवाळीला आम्ही गावी जायचं ठरवलं तर म्हणाले, पोरीला आणू नको, हितं थंडी लई हाय. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर काही दिवस चर्चा चालली की सोडतीतून आलेल्या घरांची नीट चौकशी होते की नाही. मग तीही थांबली. अण्णांनी खेळ बंद केल्याचं मला चुलतभावाकडून कळलं. पेटी उघडतच न्हाईत, तो म्हणाला. बसून असतात.

संक्रांतीनंतर न्यूमोनियाचं निमित्त झालं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं.

दहाव्याच्या दिवशी दुपारी बायका आत भांडी घासत होत्या. मी ओट्यावर बसले होते. रेवती येऊन माझ्या शेजारी बसली. इतके दिवस ती रडली नव्हती, त्याची मला धास्ती होती.

"आई, मी तेव्हा हसले नव्हते," ती म्हणाली.

"कधी?"

"शाळेत. अण्णा पोलीस होऊन आला तेव्हा. आधी मला हसू येत होतं. मग रडू येत होतं. पण मी दोन्ही केलं नाही."

मला विषय वळवायचा होता. जमलं नाही.

"आमचं ठरलं होतं," ती सांगू लागली. "तोंडावर मिशी असेपर्यंत एकमेकांना ओळखायचं नाही. कुणी कितीही विचारलं तरी. त्याच्या बाबांनी त्याला लहानपणी तसंच शिकवलं होतं. बाजारात लोक विचारायचे, हा तुझा बाप आहे का रे? तर अण्णा म्हणायचा, नाही, मी ह्यांना ओळखत नाही. घरच्यांनीच ओळख दिली तर सोंग मोडतं. शेवटपर्यंत जो ओळख देत नाही तो खरा बहुरूपी. त्यानं गॅलरीत माझ्याकडून पक्कं करून घेतलं होतं. किती वेळा विचारलं त्यानं मला, खोटं खोटं रागावून, ओरडून. मी एकदाही चुकले नाही. मग तो सगळ्यांसमोर मिशी काढणार होता आणि मला खांद्यावर घेऊन सांगणार होता, ही माझी नात."

"बाळा, त्यांना लोकांनी धरलं होतं."

"हो. मला वाटलं त्यांनाही खेळात घेतलंय."

"रक्त येत होतं."

"मला वाटलं रंग आहे," रेवती म्हणाली.

आत कुणाच्या तरी हातून परात पडली. ती घरंगळत जाऊन थांबली.

"मी नीट केलं ते अण्णाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग त्यानं शाबासकी का नाही दिली? एकदा पण फोनवर आला नाही."

ती माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यभर लोकांची तोंडं वाचत आले आणि माझ्या मुलीला माझं तोंड वाचता येऊ नये म्हणून मी तिला जवळ ओढलं, तिचं डोकं छातीशी धरलं.

"दिली होती," मी म्हटलं. "त्याच दिवशी, स्टँडवर. म्हणाले, पोरीला सांग, माझ्या बापाला जमलं नसतं असं सोंग तिनं राखलं. मला तुला सांगायला सांगितलं होतं. मीच विसरले."

ती झटक्यात दूर झाली. "विसरलीस?"

"विसरले गं."

"असं कसं विसरलीस? इतके दिवस? मला वाटत होतं मी काहीतरी चुकले!" आणि मग ती रडायला लागली, मोठमोठ्यानं, माझ्या दंडावर मुठी मारत. आतून बायका धावत आल्या.

रेवती आता बारावीत आहे. त्याच शाळेत दहावी झाली. नाटकाच्या शिक्षणासाठी बाहेरगावी जायचं म्हणते आणि मुलाखतीत आजोबा कोण होते ते पहिल्या वाक्यात सांगते. आमचं चांगलं जमतं. पण कधी जोराचं भांडण झालं की ती हमखास तेच काढते. "तू काय बोलतेस आई, तू तर अण्णाची शाबासकीसुद्धा विसरली होतीस."

"हो, विसरले होते," मी म्हणते.